ओसरीवरून : डाव्या कडेची दोन हात जागा

गेल्या पौषांत आमच्या घरीं एक लहानसा खटला उभा राहिला. वादी आमची थोरली नात. इयत्ता नववी, वय वर्षें चौदा. प्रतिवादी तिची आई, म्हणजे आमची सूनबाई. पंच आमच्या वहिनी. त्यांस अलीकडे ऐकूं कमी येतें, आणि बहुधा म्हणूनच त्यांचा निकाल दोन्ही पक्षांस मान्य होतो. मी आपला साक्षीदार, अशी माझी सकाळपर्यंत समजूत होती. दुपारच्या चहाच्या वेळीं ध्यानांत आलें कीं, आरोपीच्या पिंजऱ्यांत मलाच उभें केलेलें आहे.

नातीचें मागणें फार नव्हतें. शिकवणीच्या वर्गाला आपल्याला सायकलीनें जाऊं द्यावें, इतकेंच. अंतर अडीच किलोमीटर. सध्यां तिला तिचे वडील मोटारसायकलीवरून सोडतात आणि परत आणावयास घरांतलें कोणी तरी रिक्षा करून जातें. "आजोबा चौतीस वर्षें ह्याच रस्त्यानें सायकलीवरून शाळेंत गेले. त्यांना चाललें, मग मला कां नाहीं?" एवढाच तिचा पुरावा, पण तो पुरावा ओसरीवर माझ्या आरामखुर्चीशेजारीं, भिंतीला टेकून, तेल घातलेल्या साखळीसह उभा होता. सूनबाई फारशी बोलली नाहीं. तिनें रस्त्याच्या दिशेला बोट केलें आणि म्हणाली, "अण्णा, तुम्हीच सांगा तिला."

मला त्या वेळीं कांहीं सांगतां आलें नाहीं. मास्तराला उत्तर न सुचणें ही गोष्ट घरांत सर्वांच्या ध्यानांत राहते. वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं हाच खटला दुसऱ्या एखाद्या रस्त्यावरून चालू असेल, म्हणून त्याची हकीकत येथें सविस्तर देतों.

जासई ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगावयास हवें. रायगड जिल्ह्यांतील उरण तालुक्यांत, नवी मुंबईच्या दक्षिण अंगाला हें गांव आहे. १९८३ च्या जूनांत मास्तरकीच्या निमित्तानें मी पुण्याहून इकडे आलों, तेव्हां उरणकडे जाणारा रस्ता म्हणजे भातखाचरांमधून गेलेली डांबराची एक पट्टी होती. एस. टी. आली कीं सायकलस्वारानें मातींत उतरावें, ती गेली कीं पुन्हां वर यावें, असा उभयपक्षीं अलिखित करार असे. चालक ओळखीचा असला तर हात करी. मिठागरांवरून वारा येई, आणि तो जातांनाही समोरून येई व परततांनाही समोरूनच येई. पाठचा वारा म्हणून कांहीं असतो हें मीं केवळ ऐकून आहें.

२६ मे १९८९ रोजीं न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झालें आणि ह्या रस्त्याची जातच बदलली. त्या बंदरांत २०२३-२४ ह्या एका वर्षांत, वीस फुटी पेटी हें माप धरून, ६४ लाखांहून अधिक पेट्यांची चढउतार झाली. कंटेनर म्हणतात त्या ह्या लोखंडी पेट्या. कांहीं वीस फुटी, कांहीं चाळीस फुटी. त्यांतल्या कांहीं आगगाडीनें जातात, पण पुष्कळशा ट्रेलरवर चढून आमच्या गांवावरून जातात. रस्ता रुंद झाला, उड्डाणपूल उभे राहिले, खाचरांच्या जागीं पेट्यांचीं आवारें आलीं. रस्ता जसजसा रुंदावत गेला तसतशी सायकलवाल्याची वाट मात्र आकसत गेली. अखेर तिच्या वांट्याला डाव्या कडेची दोन हात जागा उरली. आणि तींतही चिखल, खडी, फुटक्या कांचा व पंक्चर काढण्यासाठीं उभे असलेले ट्रेलर.

२०१७ सालीं निवृत्त झालों त्या दिवशीं मीं सहज एक हिशेब केला. शाळा उरणच्या बाजूस सहा किलोमीटरांवर. जाऊन येऊन बारा. सुटीचे, आजाराचे व मुसळधार पावसाचे दिवस वजा जातां वर्षाचे दोनशें धरले, तर चौतीस वर्षांत ८१,६०० किलोमीटर झाले. मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा पारशी तरुण सायकलींनीं पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले होते. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १८ मार्च १९२८ रोजीं परत आले. त्यांची वाटचाल ४४,००० मैलांची, म्हणजे सुमारें ७१,००० किलोमीटरांची. त्यांनीं वाळवंटें ओलांडलीं. मीं दास्तान फाटा ओलांडला. आंकड्यांत मी त्यांच्या पुढें आहें, असें मीं मोठ्या ऐटींत घरीं सांगितलें, तेव्हां आमच्या कुटुंबानें विचारलें, "आणि पंक्चरें किती झालीं?" तो हिशेब मजजवळ नव्हता.

सायकल मी शिकलों पुण्यास, वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षीं, तासावर भाड्यानें घेतलेल्या सायकलीवर. सायकल मोठ्या माणसाची. सीटवर बसलें तर पाय पोंचत नसत. म्हणून मधल्या नळीखालून पाय घालून अर्धें पायडल मारीत, अंग एका बाजूस व सायकल दुसऱ्या बाजूस, अशा त्रिभंगी अवस्थेंत आम्हीं पुण्याच्या पेठा पालथ्या घातल्या. आमच्या आजोबांच्या पिढींतले लोक तिला पायगाडी म्हणत. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवांत झाला तो सायकलींच्या दुकानापासून, हें पुष्कळांस ठाऊक असेलच. तेव्हांपासून मराठी मध्यम वर्गाचा ह्या वाहनाशीं जो घरोबा जडला तो तीन-चार पिढ्या टिकला. कारकून, मास्तर, पोस्टमन, पेपरवाला, नऊवारी नेसलेल्या मुख्याध्यापिकाबाई, सर्वांचें वाहन एकच. सायंकाळीं कचेऱ्या सुटल्या कीं लक्ष्मी रस्त्यावर सायकलींचा असा लोंढा येई कीं, पलीकडच्या दुकानांत जावयाचें तर मधल्या खिंडीची वाट पाहात उभें राहावें लागे.

त्या काळीं सायकलीला बिल्ला लागे, डबलसीट बसण्यास बंदी असे आणि अंधार पडल्यावर दिवा लागे. एका सायंकाळीं दिव्यावांचून निघालों म्हणून एका पोलिसानें माझ्या दोन्ही चाकांची हवा सोडली व मी घरापर्यंत सायकल ढकलीत आलों. तेव्हां तो मोठा जुलूम वाटला होता. आतां वाटतें, सायकलवाला दुसऱ्याला दिसतो कीं नाहीं ह्याची चौकशी करणारें कोणी तरी तेव्हां रस्त्यावर होतें.

अर्थात् पुण्याचा सायकलस्वार सुरक्षित होता तो दिव्यामुळें नव्हे आणि बिल्ल्यामुळें तर मुळींच नव्हे. तो बहुसंख्य होता. मोटारवाल्यासच सायकलींमधून वाट मागत जावें लागे. पुढें स्कूटरी आल्या. १९७२ सालीं आकुर्डीच्या कारखान्यांतून 'चेतक' बाहेर पडली. घरोघरचे सायकलस्वार एकेक करून तिच्यावर जाऊन बसले. मागें जे राहिले ते एकटे पडले. पुणें महानगरपालिकेनें २०१७ च्या डिसेंबरांत सायकलींसाठीं सर्वंकष आराखडा मंजूर केला खरा. पण ओसरलेली गर्दी आराखड्यानें परत येत नाहीं.

तरी सायकल गेली असें जें सुशिक्षित मंडळी म्हणतात तें खरें नव्हे. ती आपल्या घरांतून गेली. २०११ च्या जनगणनेंत शेतीबाहेरचीं कामें करणाऱ्यांना कामावर कशानें जातां असें विचारलें होतें. शेंकडा सुमारें तेरा लोकांनीं सायकल सांगितली. स्कूटर-मोटारसायकल सांगणाऱ्यांपेक्षां ते किंचित् अधिकच भरले. हे लोक आमच्या रस्त्यावर पहांटे साडेसहाला दिसतात. गोदामांतले हमाल, रात्रपाळी संपवून परतणारे पहारेकरी, बांधकामावरचे गवंडी. हँडलला डब्याची पिशवी, कॅरिअरला गुंडाळलेली प्लॅस्टिकची घोंगशी. रविवारीं नवी मुंबईहून शिरस्त्राणें घातलेले, झगझगीत कपड्यांतले हौशी सायकलस्वारही येतात. त्यांच्याविषयीं माझ्या मनांत आदर आहे. परंतु ते रस्ता रिकामा असतांना येतात आणि तो भरूं लागला कीं घरीं जातात. डब्याच्या पिशवीवाल्याला ती सोय नाहीं. माझी काळी ॲटलसही त्याच गोतांतली. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजीं बंद पडला, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता.

आतां ती गोष्ट सांगतों, जी मीं घरीं कधींच पुरी सांगितली नव्हती. २००९ चा पावसाळा. एका फाट्यावर वाहनें थांबलेलीं, मी डाव्या कडेनें पुढें सरकत एका ट्रेलरच्या शेजारीं येऊन उभा राहिलों. रस्ता मोकळा झाला तसें त्या ट्रेलरचें तोंड थोडें उजवीकडे गेलें. मला वाटलें, हा सरळ चालला. डावीकडे ऐसपैस जागा झाली, तींत मी शिरलों. वाचकहो, तीच जागा फसवी असते. लांब गाडीला डावीकडे वळावयाचें असलें कीं ती आधीं उजवीकडे तोंड करते. मग पुढचीं चाकें मोठ्या वर्तुळावरून फिरतात आणि मागचीं चाकें आंतून वाट कापीत येतात. भूमितीच्या तासाला फळ्यावर मीं अनेकदां वर्तुळें काढलीं होतीं, पण हें वर्तुळ मला तोंवर ठाऊक नव्हतें. मागचीं चाकें अंगावर येतांना दिसलीं तेव्हां मीं सायकल सोडून गटारांत उडी टाकली. सायकलीचें मागलें चाक पापडासारखें झालें. मला गुडघा खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं.

टपरीवरचीं माणसें धांवलीं. चालक खालीं उतरला. पंचविशीचा, उत्तरेकडचा, पायांत वहाणा नाहींत, डोळे जागरणानें तांबारलेले. लोक त्याला मारणार हें दिसत होतें. तो माझ्यापुढें हात जोडून एकच वाक्य म्हणत होता, "मास्टरजी, आप दिखे ही नहीं." मी मास्तर हें त्यानें कशावरून ओळखलें कोण जाणे, धोतर-टोपी तर मी घालीत नाहीं. मीं लोकांना थांबविलें आणि त्याला म्हटलें, मी कां दिसलों नाहीं तें मला पाहावयाचें आहे. हा मास्तरी स्वभाव. दुसरें कांहीं नाहीं. टपरीवाल्यानें माझी मोडकी सायकल ट्रेलरच्या डाव्या दाराशीं, मी होतों त्याच जागीं, उभी धरली आणि मी दुखऱ्या गुडघ्यानें वर चढून चालकाच्या जागेवर बसलों.

वरून रस्ता फार दूरवर दिसतो. डोंगर दिसतो, पूल दिसतो. डाव्या आरशांत पेटीची लोखंडी भिंत दिसली. खिडकींतून वांकून पाहिलें तर दाराची कड दिसली. सायकल दिसली नाहीं, ती धरून उभा असलेला सहा फुटी टपरीवालाही दिसला नाहीं. त्याला मागें सरक म्हटलें. पुष्कळ मागें गेला तेव्हां कोठें आरशांत हँडलचें टोंक आलें. सव्वीस वर्षें मी त्या रस्त्यानें, आपण सर्वांना दिसतों आहों अशा समजुतीनें जात होतों.

येथें एक विषयांतर करतों. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत, वाटेंत कोणीं कोणास मार्ग द्यावा ह्याची एक यादी आहे. म्हातारा, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा, नवरदेव हे त्या यादींत आहेतच. पण सर्वांत पहिला शब्द आहे 'चक्रिन्', म्हणजे चाकांवरून जाणारा. विद्यार्थिदशेंत हा क्रम मला विचित्र वाटे. त्या दिवशीं त्याचा उलगडा झाला. रथाला चटकन् थांबतां येत नाहीं व वळतां येत नाहीं, म्हणून ज्याला बाजूस होणें सोपें त्यानें व्हावें, असा तो व्यवहार असावा. ट्रेलर तर चक्रिन् आहे आणि ओझें वाहणाराही आहे. त्याचा हक्क दुप्पट. पण सायकलवालाही चक्रिन् आहेच कीं! दोन चाकांच्या चक्रिन्नें मार्ग दिला, तर तो देऊन जावें कोठें, एवढें मात्र कोणा स्मृतिकारानें लिहून ठेवलेलें नाहीं.

त्या दिवसापासून मी कोणत्याही लांब गाडीच्या बगलेंत उभा राहिलों नाहीं. एक तर तिच्या पुष्कळ मागें, नाहीं तर चालकाचा चेहरा मला दिसेल इतका पुढें. आणि फाटा आला कीं खालीं उतरून पायीं पलीकडे. घरीं मात्र घसरून पडलों असें सांगितलें, आणि नवें चाक घालून आठ दिवसांनीं पुन्हां निघालों.

खटल्याच्या रात्रीं जेवणें झाल्यावर हें सारें मीं प्रथमच सांगितलें. कोणी बोलेना. मग आमचें कुटुंब पोळ्यांचा डबा बंद करीत म्हणालें, "मला ठाऊक होतें. घसरल्यानें चाक चपटें होत नाहीं." सोळा वर्षें तिनें तें मनांत ठेवलें होतें.

नातीनें विचारलें, "मग चूक कोणाची, आजोबा? त्याची कीं तुमची?" तिला मीं विचारलें, ह्या रस्त्याखालीं काय आहे तुला ठाऊक आहे काय? १९८४ च्या जानेवारीच्या १६ व १७ तारखेला मला ह्या गांवांत येऊन सात महिने झाले होते. नवी मुंबईसाठीं घेतलेल्या जमिनींचा योग्य मोबदला मिळावा म्हणून ह्या बाजूचे शेतकरी रस्त्यावर आले होते. त्यांचे पुढारी दि. बा. पाटील (१९२६-२०१३) ह्याच जासईचे. दास्तान फाट्यावर व नवघरला गोळीबार झाला, पांच जण गेले. आणि त्यांतूनच पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. ज्या फाट्यावरून मी रोज सायकल नेली तो हा फाटा. ज्यांच्या खाचरांवर हा रस्ता झाला त्यांच्याच घरचा मुलगा आज गोदामांतल्या कामावर सायकलीनें निघाला, तर त्याच्या चाकाखालीं डांबर नसतें, कडेचा चिखल असतो. ट्रेलरवाल्याची चूक म्हणावी तर त्याला मी दिसलों नाहीं. पण ज्यांनीं रस्त्याचा नकाशा काढला त्यांच्यापुढें आरसा नव्हता, कागद होता. त्यांना तरी आम्ही दिसावयास पाहिजे होतों. १२ जानेवारी २०२४ रोजीं आमच्या उशाशीं अटल सेतु खुला झाला. २१.८ किलोमीटरांचा हा पूल मुंबईहून समुद्र ओलांडून चिर्ल्यापर्यंत येतो. काम खरोखर अद्भुत आहे. त्यावर मोटारसायकलीला सुद्धां मज्जाव आहे, तेथें सायकलीची गोष्टच नको. समुद्रावरच्या पुलाविषयीं माझी तक्रार नाहीं. वारा पाहतां तें योग्यही असेल. पण पुलाखालच्या रस्त्यावर तरी दोन हात कोरडी जागा असावी.

सूनबाई हें सर्व ऐकत होती. ती सांगलीची. लग्नापूर्वीं कॉलेजांत सायकलीनेंच जात असे, हें मला त्या रात्रीं कळलें. "मी भित्री नाहीं, अण्णा," ती म्हणाली. तें मला मान्य होतें. हॉलंड देशाचें उदाहरण लोक नेहमीं देतात, जणूं तेथील सायकलींच्या वेगळ्या वाटा निसर्गानेंच उगवल्या. १९७१ सालीं त्या चिमुकल्या देशांत रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं, त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. पुढच्या वर्षांत आईबाप मुलांना घेऊन भर रस्त्यांत येऊन बसले. मुलाला एकटें पाठवणार नाहीं, असें म्हणणाऱ्या आयांनींच त्या वाटा करवून घेतल्या. सूनबाईनें रस्त्याकडे जें बोट केलें होतें तें नातीला अडविण्यासाठीं नव्हतें. रस्त्यालाच जाब विचारण्यासाठीं होतें, आणि तें समजण्यास मला अख्खी दुपार लागली.

निकाल वहिनींनीं दिला. त्यांनीं किती ऐकलें कोण जाणे. म्हणाल्या, "सायकल तिला येतेच आहे. भावोजींनीं आधीं तिला रस्ता शिकवावा, मग पाठवा."

म्हणून गेले आठ रविवार आम्ही दोघें पहांटे निघतों. गांवांतून मागच्या अंगानें एक वाट काढली आहे. ती किलोमीटरभर लांब पडते, पण मोठा रस्ता एकाच ठिकाणीं ओलांडावा लागतो. तेथें दोघें उतरतों. मागच्या लाल दिव्याचे पैसे सूनबाईनें दिले. तिच्या वडिलांनीं, म्हणजे आमच्या चिरंजीवांनीं, पुढच्या मडगार्डला पांढरी चकचकीत पट्टी चिकटविली. परवांच्या रविवारीं नाक्यावर एक ट्रेलर उभा होता. आम्ही त्याच्या बगलेंतून नव्हे, तर पुढून चाललों होतों. नातीनें मान उंच करून कांचेआडच्या चालकाकडे पाहिलें आणि हात वर केला. त्यालाही, जरा विचार करून, हात वर करावा लागला. "दिसलों," ती म्हणाली, आणि सायकल ढकलीत पलीकडे गेली.

ह्याच सुमारास एक अर्ज तयार केला. डाव्या कडेची दोन हात जागा डांबरी करावी, तेथें ट्रेलर उभे करूं देऊं नयेत आणि फाट्यांवर पायीं व सायकलीनें जाणाऱ्यांस ओलांडण्यापुरता वेळ मिळावा, अशा तीनच मागण्या आहेत. टपरीवाल्यानें, पहारेकऱ्यांनीं व गवंड्यांनीं सह्या केल्या. ज्यांस सही येत नाहीं त्यांनीं अंगठे दिले. अर्ज संबंधित कचेरींत पोंचल्याची पावती आली आहे, उत्तर अद्याप आलेलें नाहीं. येत्या सोमवारीं स्मरणपत्र टाकावयाचें आहे. त्याचा मसुदा सूनबाईनें केला आहे आणि पहिली सहीही तिचीच आहे. मास्तरांनीं शुद्धलेखनाच्या दोन चुका तेवढ्या काढल्या.